मदत हवी आहे: टॉयलेटची लाईन नेमकी कुठे लावायची?

मैत्रिणींनो, प्रश्न बावळट आहे पण विचारतेच. शनिवारी तुळशीबागेत गेले होते, जवळच्या टॉयलेटला ही गर्दी, आत तीन दारं, मी आपली बाहेर लाईनीत उभी तर एक काकू पिशव्या सावरत सरळ आत घुसल्या आणि मधल्या दाराला खेटून उभ्या, वर म्हणतात "मी या दाराची आहे". म्हणजे प्रत्येक दाराची वेगळी लाईन असते का?? आणि दर मिनिटाला टकटक! अहो, आतून कडी आहे म्हणजे कुणीतरी आहेच ना. लहान पोर, गरोदर बाई असेल तर मी स्वतःच पुढे सोडते, त्याचं काही नाही. पण अशा काकूंना भांडण न होता काय सांगायचं? आणि बादली रिकामी करून निघालो तर नळ चालू करून जायचं असतं, की मीच जास्त विचार करतेय?