झेलमची लढाई टेबलावर मांडायचीय, २८ एमएम की १५ एमएम? आणि पोरसाचं सैन्य रंगवायचं कसं?

सारिसावाला:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी जोशात येऊन टेबलावरच्या युद्धखेळासाठी २८ एमएम उंचीचे मॅसेडोनियन (अलेक्झांडरच्या सैन्यातले) भालाईत बाहुले मागवले, प्लास्टिकचे, दोन बॉक्स. शिपिंग आणि कस्टम धरून किती गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. त्यातले सोळा रंगवून झालेत, बाकीचे स्प्रूवरच (साच्यातून आलेल्या प्लास्टिक चौकटीवर) लटकलेत. आता डोक्यात झेलमच्या लढाईनं घर केलंय, अलेक्झांडर विरुद्ध पोरस, इ. स. पू. ३२६. म्हणजे हत्ती आले, रथ आले, आणि २८ एमएमचा एकेक हत्ती मागवायचा म्हणजे महिन्याच्या किराण्यावरच घाला. तर सगळं सोडून १५ एमएमकडे वळू का? दुसरं म्हणजे पोरसाच्या लोकांचे कपडे कसे रंगवायचे, नेटवर प्रत्येकाचे वेगळे दिसतात, अर्ध्यांनी तर थेट मुघल करून टाकलेत. आणि तिसरं, मधून नदी हवी. रेझिन ओतलेली नदी बघून जीव जातो माझा, पण चार फुटी बोर्डावर ओतायची म्हणजे खर्च किती आणि वास किती! कोणी केलंय का?

गजदळ:
नदी मधोमध घेऊच नका, पैसे वाचले तुमचे. ही लढाई नदीत झालीच नाही. अलेक्झांडरच्या मोहिमेवर लिहिणारा ग्रीक इतिहासकार एरियन नीट वाचा, अलेक्झांडर छावणीपासून दीडशे स्टेडिया (ग्रीक अंतराचं माप), म्हणजे साधारण २७ किलोमीटर नदीच्या वरच्या अंगाला जाऊन पावसापाण्याच्या रात्रीतून उतरला, आणि मग पोरसानं चिखल नसलेली, सपाट, वाळूची टणक जागा निवडून तिथं सैन्य उभं केलं. म्हणजे मोठी लढाई पलीकडच्या काठावर, कोरड्यात. नदी फार तर बोर्डाच्या एका कडेला दोन इंच दाखवा, तीही नाही दाखवली तरी चालतंय. चिखल दाखवायचाच असेल तर पोरसाच्या मुलाची चकमक वेगळी खेळा, तिथं त्याचे रथ चिखलात रुतले होते, छोटा सिनारिओ म्हणून मस्त होतो.

स्केलचं बोलायचं तर हिशोब करा. एरियनच्या आकड्यांनी पोरसाकडे २०० हत्ती, ३०० रथ, ४००० घोडेस्वार, ३०,००० पायदळ. (रोमन इतिहासकार कर्टिअस हत्ती ८५च देतो, पण ते सोडा.) एक बाहुला म्हणजे पन्नास माणसं धरली तरी ६०० पायदळ रंगवायचं, तोवर रिटायर व्हाल. त्यापेक्षा डीबीए या युद्धखेळाच्या नियमांनी सुरू करा. एका बाजूला फक्त १२ एलिमेंट (एका बेसवर चिकटवलेले बाहुले म्हणजे एक एलिमेंट), १५ एमएममध्ये प्रत्येक बेस ४० एमएम रुंद, आणि बोर्ड ६० सेंमीचा चौकोन, डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात मावतो. अख्खं सैन्य चाळीस-पन्नास बाहुल्यांत उरकतं. २८ एमएमचे ते सोळा जण विकू नका, शोकेसमध्ये ठेवा, पाहुणे विचारतात.

एक मात्र सांभाळा, हत्ती एकमेकांना खेटून लावू नका. एरियन म्हणतो दोन हत्तींत निदान शंभर फूट अंतर होतं, आणि मधल्या फटींमागे पायदळ. डायोडोरस हा दुसरा ग्रीक इतिहासकार लिहितो, लांबून ते शहराची तटबंदी आणि हत्ती म्हणजे बुरूज असं दिसत होतं. टेबलावर ते तसंच दिसलं पाहिजे, नाहीतर सर्कस दिसते.

रंगपेटी:
रंगांचं मी सांगते, माझा वीक पॉइंट आहे तो 😀

नीआर्कस अलेक्झांडरबरोबर स्वतः भारतात आला होता, त्याचं वर्णन एरियननं दिलंय. कपडे सुती आणि पांढरे, पायात पांढऱ्या चामड्याच्या वहाणा. मग सगळं सैन्य पांढरंफटक होणार म्हणून घाबरू नका, कारण पुढं तो सांगतो की हे लोक दाढ्या रंगवतात, कोणी पांढरी, कोणी गर्द, कोणी लाल, जांभळी, आणि कोणी चक्क हिरवी. इथंच खेळा! धोतराला मात्र सरळ पांढरा फासू नका, आधी खाकीकडे झुकणारा मातकट रंग, मग हस्तिदंती, आणि शुद्ध पांढरा फक्त घड्यांच्या टोकांवर, नाहीतर खडूनं काढल्यासारखं दिसतं. ढाली कच्च्या बैलाच्या कातड्याच्या, तिथं तपकिरीचे चार-पाच शेड फिरवा. धनुष्य माणसाच्या उंचीचं हवं, जमिनीवर टेकवून डाव्या पायानं रेटायचे. बाहुल्याच्या हातात आखूड धनुष्य असेल तर तो माणूस चुकीच्या काळातला.

हत्ती घेताना डोकं बघा. आशियाई हत्तीच्या कपाळाला दोन उंचवटे आणि कान लहान, कार्थेज या उत्तर आफ्रिकी शहराच्या सैन्याच्या बॉक्समधले बहुतेक आफ्रिकी असतात. पाठीवर बुरजासारखा हौदा आला असेल तर तो चिकटवूच नका, या लढाईच्या वर्णनात तो नाही, ती फॅशन नंतरची. कान आणि सोंडेवर फिकट गुलाबी ठिपके द्या, देवळातला हत्ती डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल.

आणि खरा रेफरन्स पाहिजे तर नेट बंद करा आणि लोकलनं मळवलीला उतरा. भाज्याच्या लेण्यांत त्या विहाराच्या दाराशी चार घोड्यांचा रथ आहे आणि शेजारी प्रचंड हत्तीवर बसलेला स्वार, मागं झेंडेकरी, हौदा नाही. सूर्य आणि इंद्र म्हणतात त्यांना, वाद आहेत त्यावर, पण आपल्याला काय, घोड्यांचा साज आणि बसायची पद्धत तर मिळते. पोरसानंतर दीडएकशे वर्षांनी आणि खूप दक्षिणेला कोरलंय हे लक्षात ठेवा, म्हणजे जसंच्या तसं उचलू नका. रथात मात्र गर्दी करा, कर्टिअस एका रथावर सहा माणसं देतो: दोन धनुर्धर, दोन ढालवाले, दोन सारथी.

थर्मोकोलचा_राजा:
वर सगळे विद्वान बोलले, मी आपला मातीतला माणूस. बोर्डासाठी बाहेरून काही मागवू नका. ज्यानं लहानपणी दिवाळीत गोणपाट मातीत बुडवून किल्ला केलाय त्याला टेकडी शिकवावी लागत नाही. थर्मोकोल, त्यावर फेविकॉलमध्ये चाळलेली वाळू, वाळली की तपकिरी वॉश (पातळ केलेला रंग) आणि वरून कोरड्या ब्रशनं फिकट पिवळा. चहाचा चोथा उन्हात कडक वाळवला तर पाचोळा होतो (नीट वाळवा, माझ्या पहिल्या बोर्डाला बुरशी आली होती, घरात आठवडाभर बोलणी). गवताला काथ्याच्या पायपुसण्याचे केस कापून. आणि स्प्रे पेंट थर्मोकोलवर डायरेक्ट मारू नका, टेकडी डोळ्यांदेखत विरघळते, आधी फेविकॉलचा हात द्या. सारिसा (भालाइतांचे लांबलचक भाले) वाकल्या असतील तर प्लास्टिकच्या झाडूचे केस लावा, १५ एमएमला साडेचार-पाच सेंमी कापायचे.

सारिसावाला:
दंडवत स्वीकारा! १५ एमएम फायनल, नदी कॅन्सल. एक राहिलं, जुलैमध्ये गॅलरीत मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि पाच भालाईत दुधाळ झालेत. मेले का ते?

रंगपेटी:
नाही हो, हवेतला दमटपणा आत अडकलाय. ब्रशनं ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, माझं बऱ्याचदा परत दिसायला लागलंय, मग मॅट ब्रशनंच. पावसाळ्यात स्प्रेला हात लावायचा नाही, दसऱ्यानंतर बघू.

सारिसावाला:
केलं. चार वाचले, एक अजून धुक्यात आहे. दरम्यान पोरसाच्या सैन्यातला पहिला धनुर्धर झाला, हिरवी दाढी. लेक म्हणाली, बाबा, हा रंगपंचमी खेळून आलाय का?