विषय: आईचा गाण्यांचा प्लेअर लवकर बंद पडतोय

नमस्कार मंडळी,
आई अंबाजोगाईला एकटी असते. सहा वर्षांपूर्वी मी तिला खिशात मावेल असा प्लेअर नेऊन दिला होता. रोज पहाटे हरिपाठ लावते. हल्ली म्हणते, "डबी लवकर दमायली गं." फुल चार्ज दाखवतो अन् हरिपाठ संपायच्या आत बंद. गाणी खराब झाली की बॅटरी? दिवाळीपर्यंत माझं जाणं नाही.

*

ताई,
बॅटरीच. गाणं खराब असतं तर दर वेळी त्याच गाण्यावर अडकलं असतं. लिथियम बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर उतरायला लागते, आणि आपल्याकडचा उन्हाळा तिला आणखी लवकर म्हातारी करतो. आमच्या परभणीच्या घरी मे महिन्यात पारा 43 च्या वर जातो, त्यात दादांचा प्लेअर पत्र्याखालच्या खिडकीत चार्जिंगला असायचा. 40 टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडायचा, अन् अर्ध्या तासात पुन्हा फुल. पटकन चार्ज होतोय म्हणजे चांगलाय, असं घरच्यांना वाटलं. खरं तर तिच्यात मावतच कमी होतं.

इथवर घाबरायचं कारण नाही. फुगली की मात्र धोका. आत वायू साठतो, पाठ वर येते, काच एका कडेनं उचलते. दादांनी ती काच अंगठ्यानं दाबून बसवली होती! तसं अजिबात करायचं नाही, आतले थर एकमेकांना टेकले तर आग लागू शकते. नोव्हेंबर 2011 मध्ये अ‍ॅपलनं पहिल्या पिढीचे आयपॉड नॅनो बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे परत मागवले, तेही विकून पाच-सहा वर्षं झाल्यावर. जुनी बॅटरी सांभाळायलाच हवी.

आईंना फोनवर सांगा: कव्हर काढून प्लेअर सपाट फरशीवर ठेवा, कोपऱ्याला बोट हलकेच लावा. डुगडुगतो का?

*

दादा, डुगडुगतो. चार्जर काढायला लावला. ती रात्री उशाशीच ठेवायची, ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आता अंगणात फरशीवर ठेवलाय, सावलीत. पण त्यात बाबांच्या आवाजातलं भजन आहे, दुसरीकडे कुठेच नाही. भाचा कॉम्प्युटरला लावून काढून घेतो म्हणतोय.

*

थांबवा त्याला! कॉम्प्युटरला लावला की चार्जिंगही सुरू होतं. मेमरी कार्ड असेल तर फक्त ते काढून घ्या. नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा, बॅटरी फुगलीय, अन् भजन हवंय. गाणी बॅटरीत नसतात, मेमरीच्या चिपमध्ये असतात, बॅटरी बदलली तरी जागेवर राहतात. जुनी बॅटरी त्याच्याकडेच सोडा. उकिरड्यावर नको, तिथं कचरा पेटवतात. नवी बसली की पहिलं काम भजनाची कॉपी. एक तुमच्याकडेही मागवून ठेवा.