‘वेळेत थांबा’ हे कुणी कुणाला सांगायचं?

बेसलाइनवरून:
परवा ‘चौथा सेट’ यांनी लिहिलेलं वाचलं आणि दोन दिवस ते डोक्यातून जाईना. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: २०२४च्या विम्बल्डन फायनलमध्ये अल्काराझनं ६-२, ६-२, ७-६ असं धुतल्यावर जोकोविचनं रॅकेट ठेवायला हवी होती. नदाल तर आणखी उशिरा थांबला. हे लोक असे रेंगाळतात आणि चाहत्यांच्या आठवणी खराब करतात.

तुमच्या आठवणी खराब होतात म्हणून त्यांनी घरी बसायचं? त्याच वर्षी जूनमध्ये जोकोविचच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हे तुम्ही लिहिलंच नाही. आणि त्या फायनलनंतर बरोबर तीन आठवड्यांनी, ३७व्या वर्षी, त्याच अल्काराझला पॅरिसमध्ये ७-६, ७-६ हरवून त्यानं ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. चोवीस ग्रँड स्लॅम खिशात असूनही तेवढंच राहिलं होतं. तुमचं ऐकलं असतं तर?

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. २००१ साली विम्बल्डनला १९ वर्षांच्या फेडररनं सॅम्प्रसला पाच सेटमध्ये हरवलं. सॅम्प्रस सात वेळचा विजेता, तिथं सलग ३१ सामने जिंकून आलेला. तो त्या दिवशी कोर्टवर उतरलाच नसता तर फेडररनं कुणाला हरवलं असतं? पोरांना मोठं व्हायचं तर समोर कुणीतरी मोठं उभं असावं लागतं. हरायची शक्यता माहीत असूनही उतरतात, म्हणून मला ही माणसं आवडतात.

चौथा सेट:
सुवर्णपदकाचं मान्य. तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण एका उदाहरणानं बाकीची पुसली जात नाहीत. ऑस्ट्रेलियाचा जुना विजेता केन रोझवॉल १९७४ साली ३९ वर्षांचा होता. कॉनर्सकडून विम्बल्डन फायनल ६-१, ६-१, ६-४ हरला आणि यूएस ओपनची ६-१, ६-०, ६-१. दोन फायनल मिळून आठ गेम! हे बघायचं कुणाला होतं? रोलाँ गॅरोस (पॅरिसमधली फ्रेंच ओपन) चौदा वेळा जिंकलेला नदाल तिथंच २०२४ला पहिल्या फेरीत झ्वेरेवकडून सरळ सेटमध्ये गेला. ते बघताना मला अक्षरशः पोटात तुटलं. थांबावं तर सॅम्प्रससारखं. २००२ची यूएस ओपन जिंकली आणि नंतर एकही सामना खेळला नाही. ‘का गेलास’ असं लोकांनी विचारावं, ‘का जात नाहीस’ असं नाही.

आणि वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न बघता दिलेला थेट प्रवेश! मोठ्या नावांना वाइल्ड कार्ड मिळतं तेव्हा पात्रता फेऱ्यांत झगडणाऱ्या एखाद्या पोराची जागा जाते, हे कुणी बोलत नाही.

बेसलाइनवरून:
सॅम्प्रसचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. त्या विजेतेपदाआधी दोन वर्षं त्याला एकही किताब मिळाला नव्हता. त्याच वर्षी विम्बल्डनला दुसऱ्या फेरीत तो लकी लूजर म्हणून, म्हणजे पात्रता फेरीत हरूनही कुणाच्या तरी माघारीमुळे आत आलेल्या बास्टलकडून हरला. ‘आता बस कर’ म्हणणारे तेव्हाही होतेच. त्यांचं ऐकून तो जुलैत थांबला असता तर सप्टेंबर उजाडलाच नसता.

रोझवॉलच्या फायनलचे स्कोअर सांगता, पण तो तिथवर कसा पोचला ते गाळता. त्याच विम्बल्डनला त्यानं न्यूकोंबला काढलं, स्मिथला दोन सेटच्या पिछाडीवरून काढलं. ३९व्या वर्षी!

नेटजवळची:
तुम्ही दोघंही म्हाताऱ्यांचंच बोलताय. पलीकडे उभ्या असलेल्या पोरांचं काय? २०१८ची यूएस ओपन फायनल आठवा. ओसाका २० वर्षांची, पहिलं ग्रँड स्लॅम, समोर सेरेना. पंचांशी वाद झाला, प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि बक्षीस घेताना ती पोरगी रडत होती. लोकांना सेरेना जिंकायला हवी होती म्हणून तिनं चक्क माफी मागितली. जिंकल्याबद्दल माफी! पुढच्या वर्षी १९ वर्षांच्या आंद्रेस्कूलाही फायनलमध्ये जवळजवळ अख्ख्या स्टेडियमविरुद्ध खेळावं लागलं.

माझी मुलगी पंधराची असताना एका खुल्या स्पर्धेत तिची गाठ तिथल्या जुन्या विजेत्या बाईंशी पडली. बाई भल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या मुलीची डबल फॉल्ट झाली, म्हणजे सर्व्हिस दोनदा चुकून गुण गेला, की टाळ्या पडायच्या. मोठी माणसं टाळ्या वाजवत होती. ती जिंकली आणि घरी जाताना गाडीत हुंदके देत होती. तेव्हापासून ‘निडर तरुण पिढी’ हे शब्द ऐकले की मला राग येतो. निडर नसतात ती. भीती गिळून खेळतात.

टायब्रेक:
निडरपणा वगैरे बाजूला ठेवा. हे मोठे लोक पोरांना टेनिसनं हरवत नाहीत, ब्रेक घेऊन हरवतात. २०२१, रोलाँ गॅरोस, चौथी फेरी. १९ वर्षांचा मुसेट्टी जोकोविचविरुद्ध ६-६ झालेले दोन्ही सेट टायब्रेकमध्ये जिंकून २-० पुढे. जोकोविच आत गेला, कपडे बदलून आला, पुढचे सेट ६-१, ६-०, आणि पाचव्यात ०-४ असताना पोरानं सामना सोडला. त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये त्सित्सिपास २-० पुढे. पुन्हा तेच. लय तोडायची कला आहे ही, दुसरं काही नाही.

लाल माती:
हे फार झालं. त्याच वर्षी यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत लांबलचक टॉयलेट ब्रेक कुणी घेतले? त्सित्सिपासनं. समोर कोण होता? ३४ वर्षांचा, कमरेत धातूचा सांधा बसवलेला मरे. तो थांबून थांबून थंड पडला आणि पाच सेटमध्ये हरला. पुढच्या वर्षी एटीपीनं, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेनं, तीन मिनिटांची मर्यादा घातली, कपडे बदलायला वर दोन. तेव्हा ही युक्ती म्हाताऱ्यांचीच असं सांगू नका.

टायब्रेक:
तुम्ही कधी पाच सेट खेळलात का? मी प्रौढांच्या स्पर्धेत फायनल खेळलोय. ५-२ पुढे होतो. समोरच्यानं घोटा धरला, बराच वेळ पट्टी बांधून घेतली आणि उठल्यावर हरणासारखा पळाला. मी ७-५ हरलो. बारा वर्षं झाली. हे कुणाला समजावून सांगता येत नाही.

लाल माती:
खेळलो नसेन, पण वीस वर्षं खेळाडूंचे स्नायू सांभाळतोय. बाहेरून बघून कुणाचा घोटा खरा, कुणाचा खोटा हे मलाही ठरवता येत नाही. तुम्हाला कसं कळलं? नुसत्या क्रॅम्पसाठी मेडिकल टाइमआउट, म्हणजे उपचारासाठी खेळ थांबवायची सवलत, मिळत नाही हेही लक्षात घ्या. २०२३च्या रोलाँ गॅरोस सेमीफायनलमध्ये अल्काराझचं अंग आखडलं, तेव्हा उपचारासाठी त्याला अख्खा गेम सोडावा लागला. १-१ सेट होते, पुढचे दोन ६-१, ६-१ गेले. वय २०. नंतर तो स्वतः म्हणाला की जोकोविचसमोर खेळण्याचा ताण होता. नेटजवळची ताई म्हणतात ते इथं दिसतं. भीती पायांत उतरते.

टायब्रेक:
घोट्याचं मी सोडतो. मुसेट्टीचं सोडत नाही.

नेटजवळची:
आणि पाचच आठवड्यांनी विम्बल्डन फायनलला तोच अल्काराझ जोकोविचविरुद्ध पहिला सेट १-६ हरला आणि तरी पाच सेटमध्ये जिंकला. पॅरिसमध्ये ती ठेच लागली नसती तर हे जमलं असतं का, मला शंका आहे. म्हणजे बेसलाइनवरून यांचं म्हणणं मला थोडं पटतं, इच्छा नसताना. पण प्रेक्षकांबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

बेसलाइनवरून:
प्रेक्षकांबद्दल तुम्ही बरोबर आहात. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाइल्ड कार्डबद्दल मात्र चौथा सेट यांना विचारतो: २०२५च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला वाइल्ड कार्डवर आलेल्या ४५ वर्षांच्या व्हीनस विल्यम्सनं २३ वर्षांच्या स्टर्न्सला हरवलं. ते कार्ड वाया गेलं?

चौथा सेट:
ते नाही गेलं. पण एक सामना जिंकला म्हणून पद्धत योग्य ठरत नाही. तिथं मी ठाम आहे.

बाकीचं सांगतो. २०२१ला विम्बल्डन क्वार्टरफायनलमध्ये हुर्काचनं फेडररविरुद्ध शेवटचा सेट ६-० जिंकला. फेडररची प्रत्येक मॅच मी आणि माझा मोठा भाऊ एकत्र बघायचो. तो त्या वर्षी नव्हता. ती मॅच मी एकट्यानं बघितली, आणि ६-० झाल्यावर टीव्ही बंद करायलाही उठवेना. कुणी रेंगाळताना दिसलं की मला तो सेट आठवतो. नदालबद्दलचं वाक्य लिहायला नको होतं, ते काढतो.