दहावीनंतर एक मोकळं वर्ष: पैसे कोण घालणार?

रामबागकर, इंदूर
मंडळी, धाकटी यंदा दहावीत. माझी मावसबहीण आयर्लंडात कॉर्कला असते, तिचा मुलगा ‘ट्रान्झिशन इयर’ला आहे. ज्युनिअर सायकलची (तिकडच्या माध्यमिक शाळेची पहिली) तीन वर्षं झाली की शेवटच्या दोन वर्षांआधीचं हे वर्ष. शेवटी बोर्डाची परीक्षा नाही. पठ्ठ्या दोन आठवडे सायकलच्या दुकानात पंक्चरं काढून आला! इकडे आमच्या हिनं भंवरकुआंच्या कोचिंगचा फॉर्मही आणून ठेवलाय. पोरगी म्हणते, मला राजवाड्यामागच्या छापखान्यात बसू द्या (आजोबांवर गेलीय). मी शाळेच्या पालक समितीत आहे. १५-२० मुलांसाठी, ज्यांना हवं त्यांच्यापुरतं, असं वर्ष काढता येईल का?

लिफीकाठची, डब्लिन
दादा, हे काही नवं नाही. १९७४ साली मोजक्या शाळांत प्रयोग म्हणून सुरू झालं, देशभर पसरलं ते १९९४ नंतर. शिक्षकांचे पगार सरकारकडून, वर दर मुलामागे शाळेला वेगळं अनुदान. तरी पालकांकडून पैसे घेतातच. माझ्या लेकीच्या वेळी साडेतीनशे युरो भरले, त्यात सहलीच जास्त. त्या वर्षी पोरींनी मेणबत्त्यांची ‘कंपनी’ काढली आणि अकरा युरोंनी बुडवली. पण लेक पहिल्यांदा अनोळखी माणसांशी फोनवर नीट बोलायला शिकली ती तेव्हाच.

सुदामानगरचा हिशेबनीस
चाळीस वर्षं शाळेच्या वह्या लिहिल्या, म्हणून रोखठोक सांगतो. महिना १८०० फी धरा. २० मुलांचे झाले ३६,०००. त्यात दोन बऱ्या शिक्षकांचे पगार काढून दाखवा, मी पेढे वाटतो. दुसरं, शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांवरच्या गरीब मुलांची फी सरकार आठवीपर्यंतच देतं. दहावीला ती मुलं आधीच ओढाताणीत असतात. तुमचं ऐच्छिक वर्ष त्यांच्या वाट्याला येणार कसं? ज्याच्या बापाला परवडेल त्याची इच्छा, असंच ना?

लष्करच्या बाई, ग्वाल्हेर
काकांचा मुद्दा खरा आहे. शिवाय माझ्या भाच्याचं एक वर्ष आजारपणात गेलं, तर अकरावीला गॅपचं शपथपत्र मागितलं. पूर्ण वर्षाच्या भानगडीत पडूच नका. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत: सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायचे. तेच दहावीच्या परीक्षेनंतर सहा आठवडे करा. निकालापर्यंत मुलं रिकामीच असतात, वर्षही जात नाही.

रामबागकर, इंदूर
बाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. काका, पगार नको, पण गरीब घरच्या पाच मुलांचं सिटी बसचं भाडं आणि दुपारचा डबा समितीनं उचलायचा, तर एवढा हिशेब मांडून द्याल? रविवारी येतो. छापखान्याच्या मालकांना आज विचारलं. म्हणाले, “दोघांना ठेवीन, पण मोबाइल गल्ल्यात जमा.” पोरगी अजून विचार करतेय.