भुईआवळ्याने यकृताच्या कॅन्सरच्या ७० टक्के पेशी मेल्या, म्हणजे नेमकं काय?

बार्शीकर:
मंडळी, वडिलांना (वय ६८) यकृताचा कॅन्सर निघालाय, मुळात जुनी हेपटायटिस बी. ऑपरेशन होण्यासारखं नाही, सोराफेनिबच्या गोळ्या चालू आहेत. आत्याने व्हॉट्सॅपवर बातमी पाठवली की भुईआवळ्याच्या अर्काने 'हेप-जी-२' (लॅबमध्ये वाढवलेल्या यकृताच्या कॅन्सरच्या) पेशींतल्या ७० टक्के मेल्या. पावसाळ्यात आमच्या बांधावर हा पाला ढिगाने येतो. रोज वाटीभर रस द्यायला काय बिघडतं, असं तिचं म्हणणं. मूळ पेपर उघडला, पण 'मिथेनॉलचा अर्क, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४८ तास' याच्यापुढे गाडी जाईना. या कामातलं कुणी आहे का?

पेशीवाली:
पुण्यात लॅबमध्ये हेच करते, म्हणून जरा लांबण लावते.

वाळवलेला पाला दळून मिथेनॉलमध्ये भिजवायचा, गाळायचा, मिथेनॉल उडवून टाकायचं. खाली डांबरासारखा चिकट गोळा उरतो, तो अर्क. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी लावून त्यावर तो वेगवेगळ्या मात्रेत सोडायचा आणि शेवटी एमटीटीचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा जेवढा कमी, तेवढ्या पेशी मेल्या असं *धरतात*. पेशी न मरता नुसती वाढ खुंटली तरी रंग फिकाच येतो. उलट टॅनिनवाला अर्क पेशी नसलेल्या खळग्यातही जांभळा रंग आणू शकतो. त्या रिकाम्या खळग्यांचे आकडे पेपरात आहेत का, हे मी सगळ्यात आधी बघते.

आता मात्रा. अंगात साधारण ५ लिटर रक्त. त्यात २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली गाठायचं तर अख्खा १ ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात हवा, आणि तो ४८ तास टिकायला हवा. प्यायलेल्या रसातलं बरंच काही आतडं शोषतच नाही, शोषलेलं यकृत मोडून टाकतं. कच्च्या अर्काच्या २०-३० मायक्रोग्रॅममध्ये निम्म्या पेशी मेल्या तर पुढे जावं, असा जुना निकष आहे. २०० वर मी तरी फाइल बंद करीन. निरोगी पेशींवर तोच अर्क टाकून पाहिलाय का, तेही बघा. त्याही मेल्या असतील तर ते नुसतं विष.

शिवाय हेप-जी-२ आल्या अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून. ती गाठ मुलांमध्ये होणाऱ्या हेपॅटोब्लास्टोमाची होती, असं पुढे दिसलं. तुमच्या वडिलांचा आजार वेगळा.

वैद्य_सातारा:
भूम्यामलकी (म्हणजे भुईआवळाच) मी काविळीत देतो, त्यामुळे माझं वैर नाही. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या डॉक्टरांचा पेपर आला होता: ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून हेपटायटिस बीचं अँटिजेन (विषाणूची खूण असलेलं प्रथिन) गेलं. इतरांनी करून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही. आणि ती चाचणी विषाणूची होती, गाठीची नव्हे. बांधावरचा तुमचा भुईआवळा नक्की कुठला, हाही प्रश्नच. फिलँथस अमारस आणि युरिनारिया या दोन वेगळ्या जाती बाजारात एकाच पोत्यात येतात.

झाडपाला:
मग हे संशोधन सगळं थोतांडच म्हणायचं?

पेशीवाली:
छे! आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी रसायन काढलं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही तेच आहे. माणसांवर पहिल्यांदा दिलं तेव्हा मूत्राशयाला इतका त्रास झाला की चाचण्या थांबल्या. रेणूत फेरफार करून झालेलं इरिनोटेकान हे औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९६ ला, तेही आतड्याच्या कॅन्सरसाठी. प्लेटमधला जांभळा रंग ही यातली पहिली पायरी, आणि बातमी नेमकी तिचीच होते.

बार्शीकर:
रस देत नाही. आत्याला हाच धागा पाठवतो. पण बाबा सकाळी गुळवेलीचा काढाही घेतात, तो चालेल ना?

वैद्य_सातारा:
आधी तो बंद करा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवरून आक्षेप घेतला, पण आधीच दुखावलेल्या यकृतावर हा वाद कशाला तपासायचा?

पेशीवाली:
+१. आणि सोराफेनिब यकृतातल्याच एन्झाइमने मोडतं, त्यात काढ्यांची ढवळाढवळ नको. पुढच्या तपासणीला काढ्याची बाटली, चूर्णं, जे काही घरात आहे ते सगळं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. नुसतं तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.