बाळाची पहिली खरेदी ४,००० रुपयांत कशी बसवावी?

सातपूरची_लेक
नमस्कार. मला आठवा महिना चालू आहे, जानेवारीच्या सुरुवातीची तारीख दिलीय. बाळंतपण नाशिकच्या सरकारी दवाखान्यातच करायचं ठरलंय. रीतीप्रमाणे पहिलं माहेरी व्हायचं, पण आई नाही. सासूबाई सिन्नरहून येतील, पण गुडघ्यांमुळे त्यांना बाजारात फिरणं जमत नाही. मेन रोडला एका दुकानात विचारलं तर त्यांनी यादीच काढून दिली: गादीचा सेट, दुधाच्या बाटल्या, त्या उकळायचं मशीन, पावडर-लोशनचा डबा, मोहरीची उशी. बिल ११ हजारांवर. आम्ही ४ हजार बाजूला ठेवलेत. काय घेऊ, काय सोडू?

मिरजेची_मावशी
अगं, ४ हजारांत छान होईल. दोन्ही सुनांची बाळंतपणं मी केलीत, त्यातला बराचसा पैसा कापडावर गेला आणि तोच कामी आला.

आधी लंगोट. बाळ पहिले दोन-तीन दिवस कमी शू करतं, मग दूध उतरलं की दिवसाला सहा-आठ वेळा, कधी त्याहून जास्त. त्यात थंडीचे दिवस, कपडे लवकर वाळत नाहीत. तीस तरी हवेत. ते विकत नको घेऊस. सासूबाईंना जुनी सुती पातळं आणायला सांग. विरलेला भाग सोडून दीड-दीड वितीचे... नाही, अडीच वितीचे चौकोन काप, एका पातळातून सोळा तरी निघतात. कडा दुमडून घे, सुटे धागे बाळाच्या बोटांना गुंडाळतात.

झबल्यांसाठी मात्र नवी मलमल घे, दोन मीटरमध्ये पाच होतात. शिंप्याला तीन गोष्टी बजावून सांग. समोरून उघडं आणि नाडीचं हवं, बटण नको. शिवण बाहेरच्या बाजूला हवी, आत टोचते. आणि बाही सैल हवी. कारण बाळ स्वतः हात घालत नाही. आपण बाहीच्या तोंडातून दोन बोटं आत घालायची, त्याची मूठ धरायची आणि बाही वर सरकवायची. अरुंद बाहीत हे जमत नाही, मग हात ओढला जातो आणि पोर कळवळतं. बाजारातल्या कितीतरी गोंडस झबल्यांच्या बाह्या नुसत्या दिसायला असतात!

कापड आणलं की आधी गरम पाण्यात भिजवून खळ काढ, मगच शिवायला दे.

बाकी दुपटी चार, मेणकापड एक, सोलापुरी पंचे दोन, लोकरीची टोपडी दोन. स्वेटर, कुंची, पाळणा हे नात्यात माग, लाजू नकोस. आमच्याकडे तर पाचवीपर्यंत बाळाला नवं घालतच नाहीत, धुऊन धुऊन मऊ झालेलंच घालतात.

सिस्टर_तालुका
मावशींच्या यादीला हात लावत नाही, दुकानाच्या यादीबद्दल लिहिते. बाटल्या आणि ते मशीन सोडून द्या. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध, गुटी, ग्राइप वॉटर काही नको. पावडर श्वासातून आत जाते, तीही नको. मोहरीच्या उशीची गरज नाही, बाळाला सपाट अंथरुणावर पाठीवर निजवा. काजळ डोळ्यांत घालू नका. नाळेला तेल-हळद काही लावू नका, ती कोरडी राहू द्या.

एक गोष्ट मात्र जरूर घ्या: डिजिटल थर्मामीटर. काखेत ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं, किंवा हातपाय-पोट गार पडलं आणि बाळ दूध ओढेना, तर घरी थांबू नका. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट लागतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर झालं तरी, तपासण्या, औषधं, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर तिथले उपचारही. बीसीजी, पोलिओ, कावीळ ब या जन्माच्या लसी तिथेच मिळतात, पुढच्या दीड महिन्याने. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत येतात. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे विचारा, अटीत बसत असाल आणि नोंद राहिली असेल तर याच आठवड्यात करा. आधार आणि बँकेचं पासबुक न्या.

सातपूरची_लेक
मावशी, सिस्टर, मनापासून आभार. सासूबाईंना फोन केला, त्यांनी पेटीतून चार पातळं काढून ठेवलीत, एक तर त्यांच्या आईचं आहे. मातृवंदनेची नोंद झालेली नाही, उद्याच जाते. अजून एक विचारायचं होतं, रात्रीसाठी डायपर घ्यावेत का?

मिरजेची_मावशी
सगळ्यात लहान मापाचं एक छोटं पाकीट घे, दवाखान्यातून घरी येताना आणि लसीला जाताना वापर. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून भुलू नकोस, महिनाभरात माप बदलतं. रात्री लंगोटच बांध, खाली मेणकापड आणि त्यावर दुपट्याची घडी. ओलं झालं की बाळ रडेल, तू उठशील, तशीही दूध पाजायला उठायचंच असतं.

आईचं पातळ सगळं कापू नकोस हं. पदराचं एक दुपटं कर.