मदत हवी आहे: अरबी 'ऐन', 'हा' आणि 'क़ाफ' घशातून नीट येत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. अकरा वर्षं हृदयरोग विभागात नर्स आहे, त्यातली बहुतेक आयसीयूत गेली. दोन महिन्यांनी कुवेतला रुजू व्हायचंय. कागदपत्रं झालीत, आता सगळं अडलंय ते अरबी उच्चारांवर.

अक्षरं २८च, ती महिन्याभरात लिहिता-वाचता आली. तोंडातून मात्र येत नाहीत. मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलवर मी हृदय म्हणून 'कल्ब' म्हणाले. समोरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, हृदय म्हणजे क़ाफचा 'क़ल्ब', साध्या काफचा 'कल्ब' म्हणजे कुत्रा. ज्या अवयवासाठी इतक्या रात्री जागले, त्याचं नावच मला नीट घेता येत नाही, हे फार मनाला लागलं.

शेजारच्या चाची मुलांना कुराण वाचायला शिकवतात. ड्यूटीवरून आले की अर्धा तास त्यांच्यापुढे बसते. त्या गळ्यावर दोन बोटं ठेवून 'हलक से निकाल बेटा' म्हणतात. हलक म्हणजे घसा, आणि मूळ अरबीत त्या एवढ्याशा शब्दात माझी दोन अवघड अक्षरं आहेत, मोठा हा आणि क़ाफ! चाची ऐन म्हणतात तेव्हा त्यांचा गळा आत ओढलेला दिसतो. माझा नुसता 'अ' येतो, आणि जोर लावला की खोकला.

'ज'चं तर वेगळंच. जकात, जरा, जिल्हा, जाहीर हे सगळे शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आलेत. तिकडे या चौघांची सुरुवातीची अक्षरं चार वेगळी आहेत. आपण त्यांना एका 'ज'त बसवलं. माझ्या कानाला तो फरक अजून ऐकूच येत नाही, मग जिभेला कुठून येणार?

वय ३८. या वयात घसा वळतो का? दोन महिन्यांत आधी काय पक्कं करू? आणि चाचींचे उच्चार कुराण पठणाचे आहेत, कुवेतचे पेशंट तसंच बोलतात का? कुणी तिकडे राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी तासगावचा. कुवेतला १४ वर्षं दुकानात काढलीत. आधी धीराची गोष्ट सांगतो. तिथल्या रोजच्या बोलण्यात क़ाफचा बऱ्याच शब्दांत सरळ 'ग' होतो. हृदय म्हणजे 'गल्ब'. आणि कुत्र्याला म्हणतात 'चल्ब', त्यातला च आपल्या 'चिंच'मधला. म्हणजे तुमची ती चूक तिथं व्हायचीच नाही. तरी क़ाफ शिका, बातम्यांत आणि लिखापढीत तोच लागतो. स्वॅब घेताना पेशंटला उमासा येतो ना, त्या पडजिभेच्या आसपास जिभेची मागची बाजू टेकवून 'क' म्हणा.

चार 'ज'पैकी जिल्हा आणि जाहीर यांची मूळ अक्षरं तिथले लोक बोलताना एकसारखीच उच्चारतात. ती दोन वेगळी करण्यात वेळ घालवू नका. 'जरा'चा ज तेवढा बघा. जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांमध्ये हलकं ठेवायचं आणि आवाज घुमवायचा.

ऐनला मात्र सुट्टी नाही. 'दुखतं'ला तिथं 'यअव्वर' म्हणतात, त्यातही ऐन आहेच. तुम्हाला दिवसातून पन्नासदा लागेल बघा.

प्रतिसाद २

भाषा शिकवते म्हणून लिहितेय. घसा तपासताना पेशंटला 'आ' करायला सांगता ना, तो 'आ' आरशासमोर स्वतः करा आणि चालू असतानाच जिभेचं मूळ मागे ओढा. आवाज आवळला जाईल पण तुटणार नाही, तोच ऐन. खोकला येतो याचा अर्थ तुम्ही घसा पूर्ण बंद करताय. तीच जागा आवळून, आवाज न काढता चष्म्याच्या काचेवर वाफ सोडा, म्हणजे मोठा हा. 'हुकूम'मधला ह मुळात हा, 'हवा'मधला साधा.

आणि जाड 'ता'चा ट करू नका. मराठी माणूस हमखास तिथंच चुकतो. ट ला जीभ वर वळते. अरबी जाड ता ला टोक त जवळच राहतं, फक्त जिभेची मागची बाजू उचलते आणि शेजारचा स्वर जड होतो. 'तीन' म्हणजे अंजीर, जाड ता घेतला की चिखल.

आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी अरबी शब्दकोश रचला तो ऐनपासून, कारण त्यांच्या मते ते सर्वांत खोल अक्षर. तिथून वर ओठांपर्यंत आले. आपली वर्णमालाही क पासून प कडे तशीच येते. तुम्हीही त्याच क्रमानं सराव करा, तोंडातला रस्ता ओळखीचा वाटेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज 'आ' करत जीभ मागे ओढली आणि खोकला आला नाही. चाची स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, म्हणाल्या, 'फिर से बोल.' सहा वेळा म्हटला, दोनदा त्यांना पटला.

तासगावचे दादा, एक राहिलं. बाई पेशंटला 'तुम्हाला कुठं दुखतंय' कसं विचारतात? शेवट बदलतो का?

प्रतिसाद १

बदलतो ताई. पुरुषाला शेवटी क, बाईला च, तोच चिंचेतला. 'वेन यअव्व्‌रिच?' ऐन नीट म्हणा, बाकी त्या समजून घेतील.